घर की मुर्गी, बगदादचा हकीम आणि एकवीस दिवस

आमच्या घरी कोंबडी खुडूक झाली, की दादी लगेच तिच्याखाली अंडी ठेवत नसे. कोंबडी खुराड्यातून उठेनाशी होई, पिसं फुलवून बसे, जवळ गेलं की घशातल्या घशात गुरगुरे आणि हात पुढे केला तर चोच मारी. आम्हां मुलांना घाई असायची. दादी म्हणायची, "उसकू अब्बी हात नको लगा. दो दिन देखती मैं." कोंबडी दोन रात्री जागा सोडत नाही अशी खात्री झाली, की तिसऱ्या दिवशी मगरीबनंतर, अंधार पडल्यावर, दादी टोपलीत राख पसरायची, वर वाळलेलं गवत टाकायची आणि दहा-बारा अंडी मांडून कोंबडीला अलगद वर बसवायची. अंधारात का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, दिवसा जागा बदलली तर कोंबडी उठून जुन्या जागी जाते. रात्री बसवली तर सकाळपर्यंत तिला ती जागा आपली वाटायला लागते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषा शिकवताना कधी कधी एखादा शब्द दोन्हींकडून हाक मारतो, तसा हा एक. मराठीत उबवायला बसलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात, उर्दूत कुडक. आमच्या दखनी घरात दोन्ही चालायचे. कोणी कोणाकडून घेतला या वादात मला पडायचं नाही. दोन्ही भाषा बोलणाऱ्या बायका एकमेकींच्या अंगणात अंडी मागायला जात होत्या, एवढं मात्र त्या शब्दावरून कळतं.

उर्दूत कोंबडीवरची आणखी एक म्हण आहे, तीही सगळ्यांना पाठ आहे: घर की मुर्गी दाल बराबर. जे घरात सहज मिळतं त्याची किंमत नसते. मी ही म्हण वर्गात कित्येक वर्षं शिकवली, अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून घेतला. ती मला स्वतःला लागू पडते हे मात्र फार उशिरा कळलं.

दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिचा हिशेब पक्का होता. अंडं आठवड्याहून जुनं नको. फार मोठं नको, फार लहान नको. धुतलेलं तर मुळीच नको. आज मला कारण सांगता येतं: अंड्याच्या कवचावर एक पातळ थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही आणि धुतला की निघून जातो. दादी फक्त म्हणायची, "धोया हुआ अंडा सड जाता." सातव्या-आठव्या रात्री ती एकेक अंडं कंदिलापुढे धरायची. आत लाल रेघांचं जाळं दिसलं तर अंडं परत टोपलीत. आरपार स्वच्छ दिसलं तर ते बाजूला, उगाच जागा अडवायला नको. कोंबडी दिवसातून एकदा दाणा-पाण्याला उठायची. तिला परतायला वेळ लागला, तर दादी एखादं अंडं उचलून स्वतःच्या मिटलेल्या पापणीला लावायची आणि ऊब आहे की गेली हे ठरवायची. बोटांना राबून घट्टे पडलेले असतात, पापणी खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. अठराव्या दिवसानंतर टोपलीजवळ कोणी फिरकायचं नाही. एकविसाव्या दिवशी आत चिवचिव. पहिला दिवसभर पिल्लांना काही द्यायचं नाही, कारण अंड्यातला बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं आणि तो त्याला पुरतो. दुसऱ्या दिवशी तांदळाची कणी, ज्वारीचा भरडा आणि उथळ ताटलीत पाणी. मग महिनाभर घारीसाठी डालगं, मुंगसासाठी खुराड्याच्या दाराला दगड आणि मांजरासाठी दादीची चप्पल.

या कोंबड्यांच्या अंड्यांवर माझ्या वह्या आल्या, एसटीचा पास निघाला आणि बी.एड.चा फॉर्मही भरला गेला. अब्बांच्या पगाराचा हिशेब घरात सगळ्यांना ठाऊक असे, अंड्यांच्या पैशांचा फक्त दादीला. भूमिहीन घरातल्या बाईच्या नावावर शेत नसतं, घर नसतं. कोंबडी मात्र तिची असते. ती विकताना तिला कोणाची सही लागत नाही. आणि तरीही आमच्या घरात कोणी विचारलं, "दादी काय करतात?" तर आम्ही म्हणायचो, "काही नाही, घरीच असतात."

बी.एड. झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एका जुन्या अरबी पुस्तकाविषयी वाचताना मी थबकले. लेखक होता अब्दुल लतीफ अल-बगदादी. जन्म ११६२, मृत्यू १२३१, दोन्ही बगदादमध्ये. पेशाने हकीम, शिवाय व्याकरण आणि तत्त्वज्ञान शिकवणारा. त्याने इजिप्तमध्ये काही वर्षं काढली. १२०० मध्ये नाईलला पुरेसं पाणी आलं नाही आणि पुढची दोन वर्षं भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळाचं त्याने केलेलं वर्णन आजही अंगावर येतं. या पुस्तकाचं नाव आहे 'किताब अल-इफादा वल-इतिबार'. पुढे त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डला पोहोचलं, १८०० मध्ये लॅटिनमध्ये आणि १८१० मध्ये फ्रेंचमध्ये त्याचा अनुवाद छापला गेला.

हा माणूस वैद्यकाच्या इतिहासात एका गोष्टीसाठी ओळखला जातो. ग्रीक वैद्य गॅलेनने लिहून ठेवलं होतं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. हजार वर्षं सगळे तेच शिकवत होते. अब्दुल लतीफने दुष्काळात मेलेल्या माणसांच्या हाडांच्या ढिगाऱ्याजवळ जाऊन एकामागून एक कवट्या तपासल्या आणि लिहिलं की जबड्याचं हाड एकच आहे. गॅलेन कितीही मोठा असला तरी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर जास्त विश्वास ठेवला पाहिजे, हा त्याचा दंडक.

याच माणसाने, याच पुस्तकात, इजिप्तच्या प्राण्यांविषयीच्या प्रकरणात आरंभीच विषय घेतला आहे तो कोंबडीची अंडी उबवण्याचा. तो म्हणतो, या देशात आईने स्वतः उबवून काढलेली पिल्लं क्वचितच दिसतात. इथे लोकांनी त्याचा धंदा केला आहे. शेणाच्या उबेवर अंडी उबवतात. त्या जागेला ते 'मअमल अल-फर्रूज' म्हणतात, म्हणजे पिल्लांचा कारखाना. एका मोठ्या आवारात दहा ते वीस खोल्या आणि एकेका खोलीत दोन हजार अंडी. खोलीला नाव 'बैत अत-तरकीद', म्हणजे रवणावर बसवण्याचं घर. तो खोलीची लांबी-रुंदी विती मोजून सांगतो, दार केवढं, छताला भोक कुठे, आत काय अंथरतात, अंडी कशी फिरवतात, हे सगळं दिवसांच्या क्रमाने लिहितो. कोणत्या महिन्यांत हे काम चालतं तेही लिहितो: कॉप्टिक पंचांगातले अमशीर, बरमहात, बरमूदा. आपल्या हिशेबाने फेब्रुवारी ते एप्रिल.

हकीम होता, दरबारात जागा असलेला होता. शेणाच्या धुरात डोळे चोळत उभं राहून त्याने त्या कामगारांना शंभर प्रश्न विचारले असले पाहिजेत, त्याशिवाय असं लिहिता येत नाही. अशा भट्ट्यांमधल्या कामगारांकडे उष्णता मोजायचं कोणतंही यंत्र नव्हतं. अंडं पापणीला लावून ऊब पारखायची, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी काही वेळ नुसती बसून राहिले. माझी दादी नाईलपासून हजारो मैल दूर मराठवाड्यातल्या एका गल्लीत जन्मली आणि तिथेच दफन झाली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. जिथे माणसाने उबेशी रोजचा संबंध ठेवला, तिथे तो पापणीपर्यंत येऊन पोहोचला.

इजिप्तची ही विद्या अब्दुल लतीफच्याही फार आधीची. त्याच्यापूर्वी दीड हजार वर्षं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे की इजिप्तमध्ये अंडी शेणाच्या ढिगात पुरून उबवतात. तिथेच त्याने सिराक्यूजच्या एका दारुड्याचा किस्सा सांगितला आहे, जो चटईखाली अंडी ठेवून पिल्लं निघेपर्यंत पीत बसायचा. अ‍ॅरिस्टॉटलने अंडी फोडून आत काय घडतं तेही पाहिलं होतं. तीन दिवसांनी आत रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो धडधडत असतो, असं तो लिहितो. बसरा शहरातला नवव्या शतकातला थोर अरबी लेखक अल-जाहिज याने तर 'किताब अल-हयवान' या आपल्या ग्रंथात कुत्र्याचा कैवारी आणि कोंबड्याचा कैवारी यांच्यात पानंच्या पानं वाद घडवून आणला आहे. थोडक्यात, ज्यांच्या नावाने आपण माना झुकवतो त्या विद्वानांना कोंबडी हा विषय हलका वाटला नाही. हलका वाटला तो आपल्याला.

मातीच्या विटांची ती बुटकी घरं इजिप्तमध्ये शतकानुशतकं चालू राहिली. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना एकावर एक अशा दोन कोठड्या. खाली अंडी, वर गोवऱ्यांचा मंद विस्तव. आपल्यासारख्याच शेण आणि भुसा कालवून थापलेल्या गोवऱ्या. सुरुवातीचे दिवस विस्तव लागतो. पुढे आतलं पिल्लू वाढायला लागलं की अंडी स्वतःच उष्णता सोडतात आणि हजारो अंडी एकत्र असली की ती एकमेकांना सांभाळतात. मग विस्तव बंद करून अंडी वरच्या कोठडीत पसरायची. उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेलं भोक कधी उघडायचं, कधी बुजवायचं, एवढंच काम उरतं. पण ते रात्रंदिवस करावं लागतं, म्हणून कामगार तिथेच राहत.

एडवर्ड लेन हा इंग्रज कैरोत राहिला आणि १८३६ मध्ये त्याने इजिप्शियन लोकांच्या चालीरीतींवर मोठं पुस्तक काढलं. त्यात १८३१ चे सरकारी आकडे आहेत. त्या वर्षी खालच्या आणि वरच्या इजिप्तमध्ये मिळून अशा १६४ भट्ट्या होत्या. त्यांत सुमारे २ कोटी ६२ लाख अंडी घातली गेली, सुमारे ८८ लाख वाया गेली आणि १ कोटी ७४ लाख पिल्लं निघाली. म्हणजे तीन अंड्यांमागे दोन पिल्लं. वीज नाही, थर्मामीटर नाही, शेण आणि माणसाची पापणी एवढ्यावर.

लेनने व्यवहारही लिहून ठेवला आहे. शेतकरी अंडी आणून देत आणि भट्टीवाला साधारणपणे दोन अंड्यांमागे एक पिल्लू परत करी. उरलेलं त्याचं. आमच्याकडे ज्यांना 'अर्धल' ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकीची शेळी किंवा कोंबडी दुसरीने पाळायची आणि पिल्लं निम्मी निम्मी. दादीची एक कोंबडी नेहमी शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींकडे अर्धलीने असायची. कागद नाही, साक्षीदार नाही. पिल्लं घारीने नेली तर दोघींचं नुकसान, आणि ते कोणी कोणाला तोडून बोलायचं नाही.

युरोपला या विद्येचं फार आकर्षण होतं. फ्रान्समधला नामवंत शास्त्रज्ञ रेओमूर याने इजिप्तच्या भट्ट्यांची माहिती मिळवली, घोड्याच्या लिदीत पुरलेल्या पिंपांमध्ये प्रयोग केले आणि १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. नाईलच्या मुखाकडच्या बर्मा नावाच्या गावातले लोक हे काम बापाकडून मुलाकडे देतात आणि बाहेरच्याला सांगत नाहीत, अशी ख्याती तेव्हा युरोपात पोहोचली होती. रेओमूरकडे स्वतःचा थर्मामीटर होता, त्याने पापणीच्या जागी स्पिरिट आणलं. पुढच्या शतकात यंत्रं आली. आज पेटीत ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता, पन्नास-साठ टक्के ओलावा, दिवसातून अनेकदा अंडी फिरवणं आणि अठराव्या दिवशी फिरवणं बंद, असं सगळं आपोआप होतं. अठरावा दिवस दादीचाच आहे, फक्त आता त्याला बटण लागलं आहे.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याने एक गोष्ट बदलली. इजिप्तच्या बाबतीत अब्दुल लतीफने जे लिहिलं ते आठवा: तिथे आईने उबवलेली पिल्लं क्वचितच दिसतात. जिथे उबवण्याचं काम माणूस करतो, तिथे खुडूक होणारी कोंबडी तोट्याची ठरते, कारण खुडूक असताना ती अंडी देत नाही. पाळणारा मग न बसणाऱ्या कोंबड्या निवडत जातो. आपल्याकडेही तेच झालं. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने गिरिराज ही जात काढली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराज आणि ग्रामप्रिया. परसातल्या कोंबडीसाठीच काढलेल्या या जाती. वाढतात झपाट्याने, अंडीही देशीपेक्षा पुष्कळ जास्त देतात, बाईच्या हातात चार पैसे अधिक येतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. पुढची पिल्लं हवी असतील तर पुन्हा उबवणी केंद्रात जायचं. म्हणून मी माझ्या गल्लीत सांगते: वनराज जरूर पाळा, पण दोन-तीन देशी कोंबड्या कधी विकू नका. वनराजची अंडी देशीच्या पोटाखाली ठेवली तरी ती एकवीस दिवस इमानाने बसते. पाळण्याची विद्या तिच्यात आहे, ती गेली तर कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता जे सांगायचं आहे, ते मला जड जातं.

माझ्या पहिल्या पगारातून मी दादीसाठी आठवडी बाजारातून एक कोंबडी आणली. लालसर, भरदार, तुऱ्याची. दादी खूश झाली. मी स्वतःच्या हाताने ती खुराड्यात सोडली. चार-पाच दिवसांत ती कोंबडी सुस्त झाली, हिरवट हगायला लागली. मग एकीची मान वाकडी झाली, दुसरीचा पंख लोळायला लागला, तिसरी गोल गोल फिरायला लागली. पंधरवड्यात खुराडं रिकामं झालं. एक कोंबडी रवणावर बसलेली होती, ती टोपलीतच मेली. खाली अकरा अंडी होती, सोळावा दिवस होता. दादीने ती अंडी परसात खड्डा करून पुरली. मला एक शब्द बोलली नाही. पण त्यानंतर तिने कधी कोंबडी बसवली नाही.

ती मानमोडी होती. पुस्तकात तिचं नाव राणीखेत. या रोगाचाही इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या पुण्यात आहे. १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये कोंबड्यांचा एक नवा घातक रोग ओळखला गेला. जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. पुढच्याच वर्षी तो कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला दिसला आणि आपल्या देशात त्याला तेच नाव चिकटलं. त्याच डोंगरांत मुक्तेश्वरला जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा होती. ही प्रयोगशाळा मुळात ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात सुरू झाली, ती प्रामुख्याने गुराढोरांच्या बुळकांडीसाठी. घातक जंतूंवर काम करायला वस्तीपासून दूर, थंड जागा हवी म्हणून १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलवली. तिथेच १९४० च्या सुमारास राणीखेतवरची लस तयार झाली. आज आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात 'आर-टू-बी' नावाने जी लस मिळते, ती त्याच मुक्तेश्वरी वाणाची.

म्हणजे माझ्या दादीच्या कोंबड्या मेल्या तेव्हा त्या रोगावरची लस साठ वर्षांची जुनी झाली होती. तालुक्याचा दवाखाना आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर होता. मी पदवीधर होते, दादी निरक्षर होती. दोघींनाही ठाऊक नव्हतं. घरातली विद्या आठशे वर्षांपूर्वी बगदादच्या हकिमाने टिपून घेतली, पण पुस्तकातली विद्या आमच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं चालून आली नाही. दोन्हींपैकी एकच असली तर काय होतं ते मी त्या खड्ड्याशी उभी राहून पाहिलं.

थोड्याच काळाने, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू आढळल्याचं जाहीर झालं. भारतातला हा पहिलाच उद्रेक. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांमधल्या चार-सहा कोंबड्याही माराव्या लागल्या. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तर रोगाचा फटका मुख्यतः परसातल्या कोंबड्यांना बसला आणि अनेक कुटुंबं आपले पक्षी द्यायला तयार होईनात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात आणि त्यानंतर पुन्हा नवापुरात तोच रोग आला. अशा वेळी पथकासमोर कोंबडी डालग्याखाली लपवणाऱ्या बाईवर आपण रागावतो. लपवणं चूकच आहे, त्यातून रोग पसरतो आणि माणसालाही धोका होतो. पण तिला कोंबडीची भरपाई मिळते, खुडूक होणाऱ्या जुन्या वाणाची मिळत नाही, हे ध्यानात घेतलं तर तिच्याशी बोलायची पद्धत तरी बदलेल.

कळप सांभाळायचा तर काय करायचं, हे आता मी वर्गातल्या मुलांनाही सांगते. बाजारातून आणलेली कोंबडी निदान तीन आठवडे वेगळी, दुसऱ्या भांड्यात दाणा-पाणी देऊन ठेवायची. आधी आपल्या कोंबड्यांचं काम, मग नवीचं, मग साबणाने हात. मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकायचा नाही, खोल पुरून वर चुना टाकायचा. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, दवाखान्यात कळवायचं. पिल्लू आठवड्याचं झालं की 'लासोटा' लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याने पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या आसपास 'आर-टू-बी' टोचून घ्यायची. नक्की तारखा आपल्या पशुवैद्यकाला विचाराव्यात.

इथे एक अडचण आहे आणि ती खरी आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते. बर्फात आणावी लागते, आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या आठ. आठांसाठी शंभराची बाटली कोण फोडणार? ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी उन्हात लवकर खराब न होणारी, डोळ्यात थेंब टाकायची एक लस काढली आणि मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्या बायकाच ती घरोघर द्यायला शिकल्या. आपल्याकडे तसं होईपर्यंत उपाय जुनाच आहे: अर्धलीचा. गल्लीने एकत्र यायचं.

आमच्या गल्लीत आम्ही तसंच केलं. अकरा घरं, मिळून नव्वदच्या घरात कोंबड्या. एक बाटली, एक बर्फाचा डबा, एक रविवार. भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडायच्या आधी. हिंदू घरं होती, मुसलमान घरं होती. एकीने कोंबडी धरायची, दुसरीने लस द्यायची. दवाखान्यातल्या माणसाने पहिल्या चार कोंबड्यांना देऊन दाखवली, पुढचं बायकांनी केलं.

मी पुन्हा कोंबड्या पाळते. एक वही केली आहे. डावीकडून उघडली की मराठीत लिहिते, उजवीकडून उघडली की उर्दूत. मराठीच्या बाजूला लसीच्या तारखा, कोणत्या घरी किती पक्षी, बाटलीचा खर्च किती आणि कोणी किती दिले. उर्दूच्या बाजूला दादीचं आठवेल ते सगळं: राख किती, अंडी किती, कोणत्या महिन्यात बसवायची, कोणत्या महिन्यात नाही, पापणीला कशी लावायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून त्यात भर घालते. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर तिच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. ती म्हणेल, "उसमें लिखने का क्या है?" तरी लिहा.

आत्ता लिहिते आहे तेव्हा खुराड्यात एक देशी कोंबडी नऊ अंड्यांवर बसली आहे. आज तेरावा दिवस. काल रात्री विजेरीवर धरून पाहिली, आठांत जीव आहे.